समुद्राच्या वेळेने फिरा गं!

सोनू, डिसेंबरात मैत्रिणींसोबत कोकणात चाललीस हे आईकडून कळलं आणि तुझ्याएवढाच आनंद मला झाला. पण कोराडीतल्या आपल्या मुलींना पाणी माहीत असतं ते तलावाचं. सकाळी जिथे, संध्याकाळीही तिथेच. समुद्राचं तसं नाही, म्हणून निघायच्या आधी चार गोष्टी सांगते.

तुमची यादी वाचली. चार दिवसांत अलिबाग, दापोली, गणपतीपुळे, मालवण आणि वर गोवा! एवढं नको गं. नागपूरहून कोकण गाठायलाच एक दिवस-रात्र जाते. किनाऱ्यावरचे रस्ते खाड्यांना वळसे घालत जातात, त्यामुळे नकाशात जवळ दिसणारं गावही वेळ खातं. दोनच मुक्काम ठरवा, रत्नागिरी आणि मालवण.

रत्नागिरीत थिबा राजवाडा नक्की बघा. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य घेतलं आणि त्याला इतक्या दूर आणून ठेवलं. 1910 मध्ये हा वाडा बांधून झाला. 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला, मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. टिळकांचं जन्मघर आणि भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिरही शहरातच आहे. गणपतीपुळ्याला जाल तेव्हा शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचं स्मारक चुकवू नका.

मालवणला रेल्वे जात नाही. कुडाळला उतरा आणि एसटी धरा. 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढे पैसे वाचतील. तुमच्यातली एखादी घरून मोजके पैसे घेऊन निघाली असेल. खोल्या ठरवण्याआधी तिला एकटीला गाठून विचार, सगळ्यांसमोर नको. वर्गणी आधीच काढा आणि हिशेब एकीकडेच ठेवा.

आता मुख्य गोष्ट. दिवसाचा बेत भरती-ओहोटी बघून करा. कोकणात त्याचा एक सोपा हिशेब आहे. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. दिवसातून दोनदा ती येते, मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी, आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. हा अंदाज झाला. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारायचंच.

गणपतीपुळ्याचा किनारा फार देखणा आहे, पण तिथे माणसं बुडाली आहेत. गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. पाण्याची ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडे झगडायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर सरकायचं, हात वर करून हाक मारायची.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! आत शिवराजेश्वराचं मंदिरही आहे. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या, फोटोसाठी काढू नका.

आपण पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या, तिथला तिशीतला पारा काय करणार, असं वाटेल. पण तिथल्या दमट हवेत घाम सुकतच नाही आणि माणूस लवकर गळतं. सुती कपडे ने, पाणी आणि सोलकढी पीत राहा. मासे न खाणाऱ्या मैत्रिणीला काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या मिळतील, ती उपाशी राहायची नाही. पाळीची तारीख जवळ असेल तर मैत्रिणींना मोकळेपणाने सांग. ती पुढे ढकलायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

आणि शेवटचं. कुणी कितीही ओढलं तरी मनाला पटत नसेल तिथे ठाम नाही म्हण. खऱ्या मैत्रिणी तेवढ्याने तुटत नाहीत. दुसरी कुणी नाही म्हणाली तर तिच्या बाजूने उभी राहा. रोज रात्री आईला एक फोन कर, आणि मनसोक्त फिरून ये.