खोल पाण्यातली क्रॉपी परत जात नाही

पूर्व टेक्सासमधल्या लेक फोर्कवर हिवाळ्यात एक उलटाच नियम असतो. 1 डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर गळाला लागलेली क्रॉपी ही मासळी, लहान असो वा मोठी, पाण्यात परत सोडायची नाही. ठेवून घ्यायची, आणि 25 भरल्या की गळ गुंडाळायचा. लेक ओ’ द पाइन्सवरही तेच. एरवी राज्यात बहुतेक ठिकाणी 10 इंचांहून लहान क्रॉपी ठेवली तर दंड. मग हिवाळ्यात असं का? कारण थंडीत क्रॉपी खोल पाण्यात जाऊन बसते, आणि तिथून वर ओढलेली क्रॉपी सोडली तरी बहुतेकदा जगत नाही. मरायचीच असेल तर निदान कुणाच्या तव्यावर तरी पडू दे, असा तो सरकारी हिशेब.

उन्हाळ्यात हा नियम नसतो. म्हणूनच उन्हाळ्यात तो आपला आपण लावून घ्यावा, असं माझं मत आहे. डॅलसच्या आसपास आता मराठी घरं पुष्कळ. जून-जुलैत पुण्या-नाशकाहून आई-वडील आलेले असतात, मुलांना सुट्टी असते आणि लेविसविल, लॅव्हन, रे रॉबर्ट्स ही तळी गाडीने जाण्याजोगी. कुणी नुसतं “चला मासे पकडायला” म्हणायचा अवकाश, अख्खी पलटण तयार. नेमका हाच काळ क्रॉपीच्या दृष्टीने अवघड असतो.

एका जुलैतली सकाळ सांगते. बोटीत माझे सासरे होते. जन्मभर नाशकात राहिलेले, माशाशी संबंध फक्त ताटापुरता. पुलाच्या खांबांपाशी पंचवीस फुटांवर क्रॉप्यांचा थवा सापडला आणि गळ खाली गेला की मासा, असा प्रकार सुरू झाला. बहुतेक नऊ इंची. पट्टीवर मोजायच्या, कमी भरल्या की लगेच सोडायच्या. सगळं कायद्याला धरून. थोड्या वेळाने बोट वाऱ्याने वळली आणि मागचं पाणी दिसलं. सोडलेल्या क्रॉप्या आडव्या तरंगत होत्या. डोळे बटणासारखे बाहेर आलेले, काहींच्या तोंडातून जठर उलटून आलेलं. एक मोठा बगळा खांबावरून उतरून निवांत वेचत होता. सासरे म्हणाले, “सूनबाई, याला सोडणं म्हणतात होय?” मला उत्तर सुचलं नाही.

क्रॉपीच्या पोटात हवेची पिशवी असते, वाताशय. तिला बाहेर उघडणारी वाट नसते. आतली हवा कमीजास्त होते ती रक्तावाटे, हळूहळू. गोड्या पाण्यात साधारण 34 फुटांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथून झटकन वर आणलेल्या माशातली हवा दुप्पट फुगू पाहते. वीस फुटांवरून आणलं तरी दीडपटीहून जास्त. फुगलेली पिशवी जठराला तोंडाकडे ढकलते, डोळे बाहेर लोटते आणि माशाला परत खाली जाऊ देत नाही. त्यात जुलैचं वरचं पाणी तीस अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी. थंडीत निदान पाणी तरी गार असतं.

मग क्रॉपी उन्हाळ्यात खोल जातेच का? वर ऊन आणि तळाशी प्राणवायूची टंचाई, या दोहोंच्या मध्ये ती अडकते. उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्याचे थर पडतात. वरचा थर गरम, खालचा थंड, आणि मध्ये एक पट्टा, जिथे तापमान एकदम घसरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. त्याखाली प्राणवायू संपत जातो, म्हणून मासे पट्ट्याच्या जरा वर थांबतात. पुलाचे खांब, बुडालेली झाडं, मुद्दाम टाकलेल्या फांद्यांचे ढीग ही त्यांची ठिकाणं. टेक्सासमधली जवळपास सगळी तळी धरणांची, त्यामुळे बुडालेल्या झाडांना तोटा नाही. सोनारवर हा पट्टा पुसट रेघेसारखा दिसतो. सोनार नसेल तर मिनो, म्हणजे आमिषाचा बारका मासा, जिवंत खाली सोडून थोडा वेळ ठेवा. तो मेलेला वर आला तर तुम्ही फार खाली गेलात. गळ चार-पाच फूट वर घ्या. तसाही गळ माशाच्या वरच असावा. क्रॉपीचे डोळे वर पाहणारे, खालचं आमिष ती सहसा घेत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की मासा ठेवायचा की सोडायचा हे गळ पाण्यात जाण्याआधी ठरवा. वीस-पंचवीस फुटांवर गळ टाकत असाल तर आलेला मासा घरी जाणार, असं धरून चाला. पहिल्या दोन-तीन क्रॉप्या दहा इंचांच्या आत भरल्या तर तिथून उठा. थवे बहुधा एकाच वयाचे असतात, चौथी मोठी निघेल ही आशा फोल. जागा सोडणं जड जातं, गळाला सारखं लागत असताना तर फारच. पण लहान मासे ठेवता येत नाहीत आणि सोडले तर जगत नाहीत. आणि पंचवीसची मर्यादा हे काही लक्ष्य नव्हे. आठ-दहा चांगल्या क्रॉप्यांत चौघांचं जेवण होतं.

काही जण सुईने पोट टोचून हवा काढतात. शिकलेल्या हाताचं ते काम. आतड्यात सुई घुसली तर मासा मरतोच, शिवाय टोचणाऱ्याला पुण्य केल्याचं समाधान.

सोडायचेच असतील तर उथळ पाण्यातले मासे धरा. त्याला दोन वाटा आहेत. एक, रात्रीची. तरंगता हिरवा दिवा पाण्यात सोडला की सूक्ष्म जीव उजेडाकडे जमतात, त्यांच्यामागे शॅड नावाचे बारके मासे, आणि शॅडमागे क्रॉपी. दिवसा पंचवीस फुटांवर असलेला मासा मग पुष्कळदा दहा-बारा फुटांवर मिळतो. ऊनही नसतं. डास मात्र असतात, त्याला इलाज नाही. क्रॉपीच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ, तेव्हा हिसका देऊ नका. दांडी नुसती उचला आणि जाळी खाली धरा.

दुसरी वाट ब्लूगिल माशाची, आणि मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर मी हीच सुचवेन. ब्लूगिल उन्हाळ्यातही धक्क्याच्या सावलीत, कंबरभर पाण्यात असतो. टेक्सासमध्ये त्याला राज्यभर लांबीची किंवा संख्येची मर्यादा नाही. बारीक गळ, तरंगणारा बॉबर आणि दुकानात मिळणारे जिवंत क्रिकेट किडे, बस्स. स्टेट पार्कच्या आतून, काठावरून मासे धरायला परवानाही लागत नाही. इतरत्र 17 किंवा त्याहून जास्त वयाच्या जवळपास प्रत्येकाला लागतो, पाहुण्यांनाही. ब्लूगिल धरताना हात ओला करून डोक्याकडून मागे फिरवा, म्हणजे पाठीचे काटे मिटतात. गळ पार घशात गेला असेल तर ओढू नका, दोरा कापा. सासऱ्यांना पुढे हाच खेळ आवडला. त्यांनी पकडलेले बहुतेक सगळे परत गेले आणि खरंच पोहत गेले.

ठेवायचे मासे लाइव्हवेलमध्ये, म्हणजे बोटीतल्या जिवंत माशांच्या टाकीत, फिरवत राहू नका. त्यात तेच वरचं कोमट पाणी येतं. मासा लवकर मरतो आणि मांस मऊ पडतं. मोठ्या कूलरमध्ये बर्फ आणि पाणी यांचा काला करून मासा वर आल्या आल्या त्यात टाका. क्रॉपीचं मांस पांढरं, सौम्य, चवीला बेताचं. मी अलिबागची, त्यामुळे आगळ, हळद, तिखट आणि वरून रवा. इथले शेजारी मक्याच्या पिठात तळतात. तेही वाईट नाही, पण आगळ नसेल तर मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

स्वतःच्या जिवाचंही पाहा. उजाडायला पाण्यावर, दहाच्या आत काठावर. बोलण्यात गोंधळ, अंग तापलेलं, चाल अडखळती असं काही दिसलं तर तो उष्माघात असू शकतो; थांबू नका, 911 लावा. गडगडाट ऐकू आला की दांड्या खाली, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते. 26 फुटांहून लहान बोट चालू असताना 13 वर्षांखालच्या मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट असलंच पाहिजे, हा कायदा आहे.

निघताना बोटीतलं, लाइव्हवेलमधलं, मिनोच्या बादलीतलं सगळं पाणी तिथेच ओता. 2009 मध्ये लेक टेक्सोमात झेब्रा शिंपले सापडले आणि तिथून ते एकेक तळं घेत गेले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बादलीभर पाण्यातून सहज प्रवास करतात. पाणी काढायला बोटीच्या मागचं बूच काढावं लागतं. ते काढलं की गाडीच्या किल्लीलाच अडकवून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला रॅम्पवर बोट पाण्यात ढकलण्याआधी ते हाताशी येईल. बुचाशिवाय उतरलेली बोट दर उन्हाळ्यात कुणाची ना कुणाची तरी असते, आणि बघायला सगळा धक्का जमतो.