साथीदार नसताना सराव : संगणकावरील मोफत ठेका



गळा रियाजाने तयार होतो. पण ताल अंगात भिनायला साथ लागते. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, शिरोळ या आपल्या भागात गळ्यांची वाण नाही. अडचण आहे ती साथीची. तबलजी इचलकरंजीला मागावर रात्रपाळीला, पेटीवाला शेतावर. सगळे एकत्र बसतात ते कार्यक्रमाच्या आदल्या रात्री. मग समेवर येताना गाणारा चुकतो आणि दोष त्याच्या गळ्याला दिला जातो.

पलीकडच्या मिरजेत सतार-तंबोरे घडविण्याची थोर परंपरा आहे. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण प्रत्येक होतकरू गायकाला वाद्य आणि वादक दोन्ही परवडत नाहीत. अशांना संगणकाची मदत होऊ शकते.

मोफत म्हणजे काय?

येथे दोन सॉफ्टवेअरचा विचार करू. ‘ऑडॅसिटी’ आवाज मुद्रित करण्यासाठी व कापण्या-जोडण्यासाठी आहे. त्याचे काम १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झाले आणि २००० साली ते लोकांपुढे आले. ‘हायड्रोजन’ ठेका बांधण्यासाठी आहे. दोन्ही नुसती फुकट नाहीत, तर मुक्त आहेत. ती वापरण्याची, दुसऱ्याला प्रत देण्याची मुभा परवान्यातच आहे. शेजाऱ्याला पेनड्राइव्हवर प्रत दिली तर ती चोरी होत नाही.

कसे बसवावे?

विंडोजवर सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे. मी एकदा घाईने भलत्याच ठिकाणाहून घेतले. सोबत तीन नको ते कार्यक्रम संगणकात शिरले आणि ते काढण्यात दोन दिवस गेले. लिनक्स असल्यास त्याच्या सॉफ्टवेअर भांडारातून घ्यावे. उतरवलेली मूळ फाइल जपून ठेवावी.

ठेका कसा बांधावा?

आपल्याच तबलजीकडून गे, ना, ती आणि क हे चार बोल स्वतंत्र वाजवून घ्या व ऑडॅसिटीत मुद्रित करा. प्रत्येक बोलाच्या आधीची शांतता अगदी काठोकाठ कापा; ती राहिली तर बोल उशिरा पडतो. हे चार आवाज हायड्रोजनमध्ये वाद्य म्हणून भरा. ना आणि गे एकाच वेळी वाजले की धा होतो. ती आणि गे मिळून धी. म्हणजे चार बोलांत केरवा बसतो : धा गे ना ती । न क धी न.

आता थोडे गणित. हायड्रोजनची नेहमीची चौकट चार ठोक्यांची असते. एका ठोक्यात दोन मात्रा धरल्या की केरव्याच्या ८ मात्रा बसतात. मिनिटाला ८० मात्रांची लय हवी असेल तर वेग ४० ठेवावा. एक आवर्तन ६ सेकंदांचे होईल. पाच मिनिटांच्या गाण्याला ५० आवर्तने लागतील. दादऱ्यासाठी तीन ठोक्यांची चौकट घ्या, ६ मात्रा होतील. तयार ठेका फाइल म्हणून बाहेर काढला की मोबाइलवरही ऐकता येतो.

तंबोराही असाच मुद्रित करता येतो. तो काळी एकचा असेल आणि गाणारीचा स्वर काळी दोन असेल, तर ऑडॅसिटीत लय न बदलता स्वर दोन अर्धस्वरांनी चढवता येतो.

नवी आवृत्ती घेताना

१. कार्यक्रम आठवड्यावर आला असताना नवी आवृत्ती बसवू नये.
२. आपला संगणक नव्या आवृत्तीला चालतो का, हे आधी वाचावे.
३. ठेक्यांच्या सर्व फाइलींची प्रत काढावी. हायड्रोजनच्या गाण्याच्या फाइलीत फक्त मांडणी असते, बोलांचे आवाज नसतात. म्हणून ते आवाजही सोबत जपावेत.
४. नव्या आवृत्तीत जुना ठेका उघडून शेवटपर्यंत ऐकावा. नव्यात साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडेलच, असे नाही.

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर राहणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात घरात काय काय भिजले, ते आपण पाहिले आहे. एक प्रत पुराचे पाणी न पोचणाऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवावी. संगणक पुन्हा घेता येईल; थकलेल्या म्हाताऱ्या तबलजीच्या हाताचे बोल पुन्हा मिळणार नाहीत.

शेवटी एवढेच. हा ठेका सरावापुरता आहे. गाणारा दमला तर यंत्र थांबत नाही, चुकला तर सावरून घेत नाही. ते काम माणसाचेच. म्हणून ज्याचे बोल घ्याल त्याची परवानगी घ्या, फाइलीवर त्याचे नाव लिहा आणि व्यासपीठावर त्यालाच शेजारी बसवा. यंत्रावर घरी केलेला सराव त्याच्या साथीला साजेसा झाला, की श्रम सार्थकी लागले असे समजावे.