पागोळ्यांचे मोल

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुका आहे. त्याच्या उत्तर सीमेवर सावित्री नदी वाहते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. तालुक्याच्या अंगणातून भारजा नदी वळणे घेत पश्चिमेकडे जाते. मंडणगड हे गाव त्याच नावाच्या डोंगरी किल्ल्याच्या कुशीत वसलेले आहे.

मृग नक्षत्र लागले की या प्रदेशाचे रूप पालटते. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि पाऊस कोसळू लागतो. कौलांवरून पागोळ्या गळतात, पाणंदींचे ओढे होतात आणि प्रत्येक पऱ्या दुथडी भरून धावतो. कोकणच्या या भागात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हे सारे पाणी जमिनीवर तसेच साठून राहिले असते, तर त्यात उंच माणूसही बुडून गेला असता!

परंतु चैत्र-वैशाखात त्याच गावी येऊन पाहावे. पऱ्यांत केवळ गोटे उरलेले असतात. विहिरींचा तळ दिसू लागतो. कोकणातल्या कित्येक वाड्यांवरील स्त्रिया पहाटे उठून हंडा-कळशी घेऊन डोंगर उतरतात आणि झऱ्याच्या डबक्यात पाणी साचण्याची वाट पाहत बसतात. त्यांच्याबरोबर मुलीही असतात. एका हंड्यासाठी त्यांची झोप जाते आणि कधी कधी शाळाही बुडते. जेथे पाऊस मुबलक, तेथेच पाण्याची टंचाई, असे का व्हावे?

याचे उत्तर भूमीच्या रचनेत आहे. कोकणची पट्टी अरुंद आणि उताराची आहे. डोंगरावर पडलेले पाणी काही तासांतच समुद्र गाठते. शिवाय येथील जांभा दगड सच्छिद्र आहे. त्याच्या चिऱ्यांनी घरे सुरेख उभी राहतात. पण त्याच्या पोटात पाणी फार दिवस राहत नाही. पावसात मुरलेले पाणी डोंगराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि उन्हाळा येण्यापूर्वीच बरेचसे निघून जाते. म्हणजे उणीव पावसाची नसून साठवणीची आहे.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी पूर्णपणे ओळखली होती. मंडणगडाच्या माथ्यावर आजही पाण्याचे तलाव आहेत. गडावर नदी नसते. तेथे आकाशातून पडेल तेवढेच पाणी. रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या आज्ञापत्रात गड बांधणाऱ्यांस हीच शिकवण दिली आहे. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. एक झरा आढळला म्हणून निश्चिंत राहू नये. तळी व टाकी बांधून पाण्याचा साठा करावा आणि तो जपून वापरावा, असा त्यांचा उपदेश आहे. लढाईच्या दिवसांत झरा आटला, तर तोफा असूनही गड हातचा जातो, हे त्या अनुभवी पुरुषास ठाऊक होते.

याहून जुना दाखला मुंबईजवळ कान्हेरी येथे सापडतो. तेथे एका डोंगरात शंभरावर लेणी कोरलेली आहेत. सुमारे २,००० वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू तेथे राहू लागले. त्यांनी खडकाच्या उतारावर बारीक पन्हळी खोदल्या आणि पावसाचे पाणी लेण्यांजवळच्या टाक्यांत उतरवले. तेथील शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. त्यांतील काही टाक्यांत आजही पाणी साठते.

आता आपल्या घराच्या छपराकडे पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी मिळते. घराचे छप्पर १०० चौरस मीटरांचे आणि पाऊस ३,००० मिलिमीटर धरला, तर त्या छपरावर वर्षाला ३ लक्ष लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा उडून वा सांडून गेला, तरी २ लक्ष ४० हजार लिटर हाती राहील.

पाच माणसांच्या घराला पिण्यास व स्वयंपाकास दररोज ५० लिटर पाणी लागते असे धरू. पावसाळा सोडून उरलेल्या आठ महिन्यांत, म्हणजे सुमारे २४० दिवसांत, १२,००० लिटर पाणी पुरेल. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशा टाकीत ते मावते. ती टाकी भरण्यास केवळ १५० मिलिमीटर पाऊस पुरे. कोकणात एवढा पाऊस कधी कधी एकाच दिवसात पडतो! वर्षभराची तहान भागवील एवढे पाणी एका दिवसात अंगणातून वाहून जावे, यापरते नवल कोणते?

मात्र साठवलेले पाणी शुद्ध हवे. पहिल्या पावसाबरोबर छपरावरील धूळ, पालापाचोळा आणि पाखरांची विष्ठा वाहून येते. म्हणून पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडून द्यावे. नंतर पन्हळीच्या तोंडाशी जाळी बसवावी. पुढे खडी, वाळू व कोळसा यांच्या थरांतून पाणी गाळून टाकीत घ्यावे. टाकीला घट्ट झाकण असावे. कारण प्रकाश मिळाला की शेवाळ वाढते आणि उघडे पाणी सापडले की डास अंडी घालतात. पिण्यापूर्वी ते पाणी उकळावे किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन घालून निर्जंतुक करावे.

शहरांत प्रश्न अधिक अवघड असतो. तेथे जमीन डांबराने व सिमेंटने झाकलेली असते. पाणी मुरत नाही. ते गटारांतून धावते आणि सखल भागांत पूर आणते. एक हेक्टर क्षेत्रावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ३ कोटी लिटर पाणी जमते. पण रस्त्यावरच्या पाण्यात तेल, माती व घाण मिसळलेली असते. ते प्रथम संथ तळ्यात थांबवावे लागते, म्हणजे गाळ खाली बसतो. पाणवनस्पतींच्या मुळांपाशी त्यातील काही दूषित द्रव्ये शोषली जातात. मग ते गाळून व निर्जंतुक करूनच वापरात आणता येते. एवढी शुद्धी शक्य नसेल, तर असे पाणी नुसते निवळून बागांना, रस्ते धुण्यास किंवा बांधकामास वापरावे, म्हणजे पिण्याचे पाणी तेवढे वाचते.

सिंगापूर या लहानशा बेटाने हे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे. तेथे मोठ्या नद्या नाहीत. म्हणून त्या देशाच्या सुमारे दोन तृतीयांश भूमीवरचे पावसाचे पाणी नाले व कालवे यांच्या वाटे जलाशयांत आणले जाते. २००८ साली तेथे शहराच्या मध्यभागी समुद्राच्या तोंडाशी बंधारा बांधून गोड्या पाण्याचा जलाशय निर्माण करण्यात आला. सुमारे १०,००० हेक्टरांवरील पाणी त्यात येते. ते शुद्ध करून नळांना दिले जाते आणि त्याच बंधाऱ्यामुळे सखल भागांतील पूरही आवरतो. मुंबईतही २००२ सालापासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय करणे बंधनकारक आहे.

पाणी साठवले म्हणजे सर्व काही झाले, असे नव्हे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. सावित्रीच्या काठच्या महाड येथे २० मार्च १९२७ रोजी त्यांनी सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि सार्वजनिक पाण्यावर प्रत्येक माणसाचा सारखाच हक्क आहे, हे जगाला दाखवून दिले. म्हणून गावाची टाकी बांधताना तिचे दार सर्वांसाठी उघडे असले पाहिजे. ज्या वाडीवर हंडा घेऊन सर्वांत दूर जावे लागते, तेथे पहिली टाकी बांधली गेली पाहिजे.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, हे खरे. पण वळचणीखाली टाकी असेल, तर ते समुद्रालाही जाणार नाही. पुढच्या मृगात पागोळ्या गळू लागतील, तेव्हा त्यांचा आवाज कानांना गोड वाटेलच. परंतु जे घर त्या पागोळ्या जपून ठेवील, त्या घरातील मुलगी वैशाखातल्या पहाटे हंडा न घेता पुस्तक हाती घेऊन बसेल.

स्वाध्याय

१. कोकणात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाण्याची टंचाई का भासते?
२. छपरावरचे पाणी टाकीत घेण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?
३. आपल्या शाळेच्या छपराची लांबी व रुंदी मोजा. १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास त्यावर किती लिटर पाणी पडेल, ते काढा.
४. ‘पाणी साठवले म्हणजे सर्व काही झाले, असे नव्हे,’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.