वाहनाचा दिवा : प्रखर नव्हे, यथायोग्य

केडगाव हे अहिल्यानगरचे पुण्याकडील प्रवेशद्वार. पुणे रस्त्यावरील रहदारी येथे रात्रीही थांबत नाही. गळीत हंगामात जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर पडते. दिवा अंधुक वाटला की अधिक वॉटचा बल्ब बसविण्याकडे चालकाचा कल होतो. परंतु त्या झोताने समोरच्या चालकाचे डोळे दिपले, तर कडेची बैलगाडी त्याला काही क्षण दिसतच नाही.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ अन्वये पुढील दिव्याचा झोत खाली वळलेला असला पाहिजे. दिव्यापासून ८ मीटरवर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस तो दिपवणारा नसावा. नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी नियम १२६ खालील मान्य संस्थांत होते. अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास संस्था त्यांपैकीच एक होय. मूळ दिवा अशा कसोटीतून गेलेला असतो. मागाहून बसविलेला भलताच बल्ब नव्हे.

वॉट वाढविल्याने काय होते?

मोटारीतील १२ व्होल्टचा एच-४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो : अप्परला ६०, डिपरला ५५. त्याच जागी १००/९० वॉटचा बल्ब बसविल्यास अप्परचा विद्युतप्रवाह ५ अँपिअरवरून ८ अँपिअरच्या वर जातो. वायर, होल्डर व स्विच तापतात. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब घातल्यास प्रकाशाचा उगम मूळ तंतूच्या जागी जुळेलच असे नाही. तो न जुळल्यास झोत विस्कटतो.

योग्य उपाय

१. दिव्याची काच स्वच्छ ठेवावी. पिवळी पडल्यास घासून साफ करावी किंवा बदलावी.

२. गंजलेल्या जोडण्या व अर्थिंग साफ करावे. बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले, तर हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

३. काळवंडलेले बल्ब त्याच वॉटचे, प्रमाणित व जोडीने बदलावेत.

४. झोताची उंची जुळवून घ्यावी. मागे भार भरला की पुढचा झोत वर जातो, हे ध्यानी ठेवावे.

शिक्षकांनी हा विषय वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत मांडणे अगत्याचे आहे. हंगामापूर्वी बैलगाड्यांना व ट्रॉल्यांना मागे परावर्तक पट्ट्या लावून घेतल्यास, डिपरच्या साध्या उजेडातही त्या दुरून दिसतील.