अबीब : हुरड्याचा महिना, सुटकेचा महिना



पवित्र गुरुवारी आपण निर्गम ग्रंथाच्या १२व्या अध्यायातील वल्हांडणाचे वाचन ऐकतो. हा महिना तुमच्या वर्षाचा पहिला महिना असावा, असे परमेश्वर तेथे मोशे व अहरोन यांना सांगतो. पुढच्या अध्यायात त्या महिन्याचे नाव येते : अबीब. पुढे बाबिलोनच्या बंदिवासानंतर त्यालाच निसान म्हणू लागले.

अबीब म्हणजे दाणा भरलेली, पण अजून कोवळी असलेली कणसे. लेवीयच्या २ऱ्या अध्यायात अशीच कणसे विस्तवावर भाजून अर्पावी, असे सांगितले आहे. नांदेड-लातूरच्या आपल्या माणसांना याहून जास्त समजावून सांगायला नको. हा हुरडाच! आपला ज्वारीचा आणि थंडीतला. त्यांचा सातूचा आणि वसंतातला.

हिब्रू महिनाही आपल्या महिन्यासारखा अमावस्येनंतर सुरू होतो. असे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस भरतात. ही ११ दिवसांची तूट तशीच राहिली, तर वल्हांडण हळूहळू हिवाळ्यात सरकेल. म्हणून आपल्या अधिक मासाप्रमाणे तेथेही १९ वर्षांत ७ वेळा एक महिना वाढवतात. प्राचीन काळी त्यासाठी शेतातला सातू तयार झाला की नाही, हेही पाहत. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजही याच महिन्यात हा सण पाळत आला. त्या रात्री घरी वाचायची सुटकेची कथा, म्हणजे हग्गादा, १८७४ साली पुण्यात हिब्रू व मराठीत छापली गेली.

या वसंतात एक विधी असे. कापणीची पहिली पेंढी परमेश्वरापुढे न्यायची. तोवर नव्या धान्याची भाकर नाही की हुरडा नाही (लेवीय २३). बाकीचे पीक अजून शेतातच उभे असे. ते घरी येईल की नाही, हे ठाऊक नसताना दिलेले हे दान होते. संत पौल पुनरुत्थित ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो (१ करिंथ १५:२०), ते याच अर्थाने. पहिली पेंढी आली, म्हणजे मागून सारे पीक येणार. आपल्या पुनरुत्थानाची ती हमी आहे.

पण ज्याच्या हाती पेंढीच नाही, त्याने काय करावे? २०१४ च्या गारपिटीत हाताशी आलेली रब्बी गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. हे आपण विसरलेलो नाही. अशा वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवू या. पहिला वल्हांडण ज्यांनी पाळला, ते गुलाम होते. त्यांच्या मालकीचे शेत नव्हते. देवाने वर्षाचा आरंभ त्यांच्या सुटकेपासून मोजला. आणि त्याच लेवीय २३ मध्ये आज्ञा आहे, की शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका. तो गरिबासाठी व परक्यासाठी ठेवा. सातूच्या हंगामात बेथलेहेमला आलेली रूथ अशाच सरव्यावर जगली.

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे याच सुमारास गावी परततात. या पास्काकाळात, हिशेब पूर्ण होण्याआधी, आपल्या धान्यातला किंवा पगारातला पहिला वाटा बाजूला काढू या आणि तो अशा एखाद्या घरी स्वतः नेऊन देऊ या.