अष्ठीला ग्रंथीची वाढ आणि तिच्यावरील शस्त्रक्रिया

मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाला वेढून, अक्रोडाएवढी अष्ठीला ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, असते. उतारवयात ती वाढली की मार्ग आवळला जातो. धार बारीक होते आणि रात्री वारंवार उठावे लागते. हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले पीटर फ्रेयर यांनी ओटीपोट चिरून ती काढण्याची रीत १९०० पासून लंडनमध्ये रूढ केली. पुढे १९२६ साली मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी मूत्रमार्गातूनच आत घालावयाचे, विजेच्या तारेने कापणारे उपकरण सिद्ध केले. त्यामुळे पोटावर छेद न घेता, दुर्बिणीतून पाहत, संत्र्याची साल राखून गर काढावा तसा वाढलेला भाग काढता येऊ लागला. आता लेसर किरणही वापरतात. जामुल-भिलाईच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या कामगारांनी ‘वयच झाले’ म्हणून हे दुखणे अंगावर काढू नये. तुंबलेले मूत्र मूत्रपिंडांनाही निकामी करू शकते.