परिचय दुसऱ्याच्या हाती देऊ नका

प्रदर्शनाआधी चित्रकाराने आपला परिचय स्वतः लिहावा आणि छपाईला जाण्यापूर्वी त्याची शेवटची प्रत पाहावी, असं सगळेच सांगतात. मी परिचय लिहून दिला होता. पुण्यातल्या गॅलरीकडे प्रतही मागत होते. "ताई, डिझायनरकडे आहे, येईलच," एवढंच उत्तर यायचं.

माझी चित्रं पंचगंगेच्या घाटाची, जलरंगातली. पहाटेचं धुकं, दीपमाळा, ओल्या पायऱ्यांवरचं तिरपं ऊन. चित्रकार आबालाल रहिमानांच्या कोल्हापुरात वाढलेल्या माणसाने घाट का रंगवला, याला कारण लागत नाही. पुण्यातल्या त्या गॅलरीला मात्र लागलं. भिंतीवरच्या पाटीवर मी झाले 'महापुरात सर्वस्व गमावलेली चित्रकर्ती'. 'घाट, सकाळ' या चित्राचं परस्पर 'वाहून गेलेलं अंगण' करून टाकलं.

उद्घाटनाला कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीचे एक वयस्कर गृहस्थ आले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिखली पाण्याखाली होती, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ते पाटी वाचून माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, तुमचं घर कुठल्या गल्लीत होतं? आमची जनावरं गेली ओ." मी म्हटलं, "काका, आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. हे मी लिहिलेलं नाही." त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता चपला घालून निघून गेले. ज्यांचं खरोखर गेलं, त्यांच्यापुढे मी खोटी ठरले, तेही दुसऱ्याच्या शब्दांनी. ती नजर अजून मनातून जात नाही.

गॅलरीमालकांचं उत्तर तयार होतं: "गोष्ट असल्याशिवाय चित्र विकत नाही. तुमच्याच फायद्यासाठी केलं." कमिशन त्यांचं, बदनामी माझी, आणि फायदा म्हणे माझा!

म्हणून सांगते. चित्रं पोचवण्याआधी यादी करा: शीर्षक, माध्यम, माप, वर्ष, किंमत. मापात आधी उंची, मग रुंदी. यादीखाली एक ओळ घाला, 'शीर्षक आणि परिचय लेखी संमतीशिवाय बदलू नये', आणि गॅलरीची सही घ्या. चित्रं परत कधी मिळणार, ती तारीखही त्यावरच हवी. फोटो काच लावण्याआधी, सावलीतल्या उजेडात काढून ठेवा.

चित्र विकलं म्हणून ते छापण्याचा हक्क विकला असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क लेखी करारानेच दुसऱ्याकडे जातो, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र काढलं असेल तर मात्र जपा: वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क चित्र काढवून घेणाऱ्याचा असतो.

नावाचंही तसंच, तेही जपावं लागतं. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. चित्र १९४० च्या दशकातलं, राजा रविवर्मा गेले १९०६ साली, तरी आजही कितीतरी लोक ते रविवर्म्यांचंच समजतात. हळदणकरांच्या बाबतीत हे होतं, तर तुमच्या-माझ्या नावाची काळजी कोण करणार?

आणि पाट्या लागल्या की पाहुणे येण्याआधी प्रत्येक पाटीसमोर उभं राहून वाचा. चुकीची असेल तर तिथल्या तिथे उतरवायला लावा. "आता लोक आलेत, उद्या बघू," हे ऐकून घेऊ नका. मला तेच ऐकवलं, आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाटी हलली नाही. तोच परिचय छापलेला कॅटलॉग तर गॅलरीवाले अजूनही वाटतात.